‘आधी’चा फोटो

मॅडमनी माझ्या नाकाच्या शेंड्याला प्लॅस्टिकची पट्टी टेकवली. शाळेच्या कंपासपेटीत असते तीच, पारदर्शक. पट्टीचं दुसरं टोक त्यांनी खाली सोडलं. ती ओठांना लागली. हनुवटीला लागलीच नाही. मधल्या फटीत बोट घालून त्यांनी ती फट समोरच्यांना दाखवली.

“बघा, याला म्हणतात हनुवटी नसणं,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या मुलीचं तर काहीच नाही हो. किंचितच पुढे आणायचंय.”

समोर वरोऱ्याहून आलेल्या मायलेकी बसल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. चांगली गोल हनुवटी होती तिची, पण तिला फोटोत टोकदार दिसायला हवी होती. तिच्या आईनं मान वाकडी करून माझा चेहरा एका बाजूनं पाहिला. मग उठून दुसऱ्या बाजूनं पाहिला.

“खरंच की हो! इतक्या दिवसांपासून फोनवर बोलते मी हिच्याशी. आवाजावरून वाटलं नाही.”

मुलगी हसली. मॅडम हसल्या. मीही हसले. रिसेप्शनच्या नोकरीत हसणं येतंच. मग मी त्यांना पाणी आणून दिलं, मुलीला पुढच्या आठवड्याची वेळ दिली, आणि त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. नुसती उभी राहिले. नळाच्या आवाजात बरं वाटतं.

मी पोंभुर्ण्याकडची. आमचं गाव तळ्याला लागून. आम्ही ढिवर. बाप तळ्यात जाळं टाकतो, माय टोपलं डोक्यावर घेऊन आसपासच्या गावांत मासोळ्या विकते. धानाच्या दिवसांत दोघंही मजुरीला जातात. माझा रंग बापाचा, उंची बापाची. हनुवटी मात्र मायची. खालच्या ओठाखाली चेहरा जणू घाईघाईत संपवलेला. मायला कधी त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरात मोठा आरसा नव्हता, आणि बाजूनं तोंड बघायला दोन आरसे लागतात. आपलं तोंड बाजूनं कसं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. ते मला शाळेनं सांगितलं.

पाचवीत एका सरांनी माझं नाव रोहू ठेवलं. रोहू मासोळीचं तोंड कसं खालच्या अंगाला असतं, तसं माझं, म्हणून. “ए रोहू, उठ. फळा पूस.” पोरं बाकावर हात आपटून हसायची. हजेरीत माझं खरं नाव होतं, पण ते वाचायच्या आधी सर हळूच रोहू म्हणायचे आणि वर्ग खिदळायचा. त्या एका नावात दोन गोष्टी होत्या. तोंड होतं आणि जात होती. मला तेव्हा फक्त तोंड कळलं. जात कळायला फार वर्षं गेली.

तोंड कळलं म्हणून मी तोंड झाकायला शिकले. फोटो समोरूनच काढायचा, बाजूनं कधी नाही. बसमध्ये खिडकीशी बसायचं आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवायचं. वर्गात हनुवटीवर तळहात टेकवून बसायचं. लोकांना वाटायचं, पोरगी फार विचारी आहे. मी काही विचार करत नव्हते. मी फट झाकत होते.

चंद्रपूरच्या या स्किन क्लिनिकमध्ये मला नोकरी लागली ती मास्कच्या दिवसांत. माझा आवाज चांगला आहे, टायपिंग येतं, हिशेब येतो. मास्क होता तोवर मॅडमना मी फार आवडायचे. ‘आमची मुलगी’ म्हणायच्या. मग एक दिवस सगळ्यांचे मास्क उतरले. मी माझा उतरवला तेव्हा मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्या दिवसापासून ‘आमची मुलगी’ बंद झालं.

आणि दैव बघा, फोनवर लोकांना हनुवटीबद्दल समजावून सांगायचं काम माझ्याकडेच. मी पोपटासारखी बोलायचे. हनुवटी पुढे आणायला दोन वाटा आहेत. एक सुईची. फिलर म्हणतात ते जेलसारखं औषध हनुवटीत भरायचं. कापाकापी नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. सूज येते, काळंनिळं होतं, उतरतं. पण ते औषध हळूहळू विरतं, म्हणून वर्ष-दीड वर्षानं पुन्हा भरावं लागतं. चुकून रक्ताच्या नळीत गेलं तर कातडी मरू शकते, हे मात्र मॅडम स्वतः सांगायच्या आणि तेवढं एक वाक्य हळू आवाजात सांगायच्या. दुसरी वाट सुरीची. नागपूरला जायचं, भूल घ्यायची. ओठाच्या आतून किंवा हनुवटीखाली चीर देऊन सिलिकॉनचा तुकडा बसवायचा. नाहीतर हनुवटीचं हाडच कापून पुढे सरकवायचं आणि स्क्रूनं कसायचं. हे टिकतं. पण पू झाला, तुकडा सरकला, तर पुन्हा सुरी.

मी हे इतक्यांदा बोलले की माझ्याच हनुवटीबद्दल बोलते आहे हे विसरून जायचे. नाही, खोटं कशाला बोलू? कधीच विसरायचे नाही.

या कामाला मी नावं ठेवत नाही. जिवतीकडचा एक माणूस आला होता, मोटारसायकलवरून पडून जबडा मोडलेला. तोंडातून लाळ गळायची, घास धरता येत नव्हता. दर रविवारी नागपूरहून एक सर्जन यायचे, त्यांनी त्याचं हाड बसवलं. नंतर तो भेटायला आला तेव्हा त्यानं माझ्या टेबलापाशी उभं राहून एक अख्खं केळं खाऊन दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. सुरीनं असंही होतं.

वरोऱ्याच्या मायलेकी येऊन गेल्या, त्याच्या पुढच्या रविवारी मॅडमनी मला आत बोलावलं. सर्जन सर बसले होते. मॅडम म्हणाल्या, “बस इथे. सरांना बघू दे.”

मी पेशंटच्या खुर्चीत बसले. आजवर ती खुर्ची मी फक्त पुसली होती. सरांनी हातमोजे घातले आणि माझी हनुवटी चिमटीत धरली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली. मला कोणी काही विचारलं नाही. दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते.

“फिलरनं भागणार नाही. इथे हाडच नाही,” सर म्हणाले. “इम्प्लांट घाला.”

“पण मला वर्कशॉपला लाइव्ह दाखवायचंय ना सर. डॉक्टर येणार आहेत बाहेरगावचे. फिलर दिलं की तिथल्या तिथे फरक दिसतो.”

“मग आत्ता फिलर द्या. पुढे मी इम्प्लांट करतो, माझ्याकडच्या पोरांना शिकवायला होईल. केस छान आहे.” मग त्यांनी विचारलं, “फॅमिलीत आहे का हे?”

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, “यांच्यात असतंच. मासे धरणारे लोक ना ते. बेसिक फेसच तसा.”

आठवडी बाजारात गिऱ्हाईक मासोळीचे कल्ले उचलून बघतं, बोट दाबून बघतं आणि आपसात ठरवतं, घ्यायची की नाही. मायच्या टोपल्याशी बसून मी ते लहानपणापासून पाहत आले. त्या खुर्चीत मला ते आठवलं. पण राग आला नाही. मॅडमचं ‘यांच्यात’सुद्धा कानावरून गेलं, कारण मनात दुसरीच धांदल चालली होती. फुकटात होणार होतं! ज्याच्यासाठी बाया नवऱ्याशी भांडून यायच्या, ते मला फुकटात मिळणार होतं. मी विचारलं एवढंच, “मॅडम, सुईनं केलं आणि नाही आवडलं तर?”

“तर विरघळवायचं इंजेक्शन असतं. तुलाच माहितीये की सगळं.”

माहीत होतं. तरी ऐकायला हवं होतं. सुरीची मला भीती वाटत होती. दुखण्याची नाही. सुरीनं झालं असतं तर मी मायसारखी दिसले नसते, कधीच. सुईत माझं तोंड मला परत मिळायची सोय होती. एवढी भीती होती आणि तरीही हवं होतं. हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात राहू शकतं, हे ज्यांच्या तोंडावर कधी कोणी पट्टी धरली नाही त्यांना कळणार नाही.

“मायला विचारून सांगते,” मी म्हणाले.

“यात आईला काय विचारायचं?” मॅडम म्हणाल्या. “तिच्यामुळेच तर झालंय.”

त्यांनी मला भिंतीशी उभं करून फोटो काढले. समोरून, बाजूनं. रेकॉर्डला लागतात म्हणाल्या. बाजूनं निघालेला तो माझा पहिला फोटो.

नंतर एका सकाळी मी कामावर आले तर बाहेरच्या खोलीत, माझ्याच टेबलासमोरच्या भिंतीवर, मोठी फ्रेम. दोन चौकटी. डावीकडे लिहिलेलं ‘आधी’. त्यात मी, बाजूनं. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली. उजवीकडे ‘नंतर’. ती चौकट रिकामी आणि तिच्यात गुलाबी अक्षरांत ‘लवकरच!’ मी अजून हो म्हटलं नव्हतं. भिंतीनं माझ्या आधीच हो म्हणून टाकलं होतं.

दिवसभर खुर्चीत बसायचं आणि समोर आपणच, डोळे बांधलेले. लोक यायचे, फ्रेम बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पटकन मोबाइलमध्ये बघायचे.

माझी माय त्याच आठवड्यात आली. आमच्या नात्यातली एक बाई सरकारी दवाखान्यात भरती होती, तिला बघायला म्हणून आली आणि जाता जाता माझ्याकडे वळली. हातात डबा. मला आवडतात म्हणून झिंगे भाजून आणले होते. चपला दाराबाहेर काढून ती त्या थंड फरशीवर अनवाणी आत आली, आणि माझ्याकडे यायच्या आधी तिची नजर भिंतीवर गेली.

“माह्या फोटो इथी काऊन लावला वं?” ती म्हणाली.

मला हसू आलं. मग ती आणखी जवळ गेली. फ्रेमच्या काचेला जवळजवळ नाक लावलं. कानातलं ओळखलं असेल माझं.

“मी नोहो. तू व्हय.”

“हो माय. बस तू इथी, मी सांगतो तुले.”

ती बसली नाही. तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता आणि काय झालं ते कळत नव्हतं. तिनं माझा दंड धरला आणि कानाशी येऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

“काय चोरलं वं तू?”

“काय?”

“डोयावर पट्टी त चोराच्या मारतेत. पेपरात पाह्यलं ना मी. टीव्हीतबी. काय नेलं तू यायच्या इथलं? सांग मले.”

तिला वाचता येत नाही. ‘आधी’ काय आणि ‘नंतर’ काय, तिला ती दोन्ही चित्रंच. डोळे झाकलेल्या माणसाचा फोटो चारचौघांत लागतो तो कशासाठी, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. त्या माणसानं काहीतरी वाईट केलेलं असतं.

मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात केबिनचं दार उघडून मॅडम बाहेर आल्या. सोबत पेशंट होती. मायनं डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि मला काही कळायच्या आत ती मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

आमच्याकडे कोणाची फार विनवणी करायची असेल, मोठा अपराध पोटात घाला म्हणायचं असेल, तर समोरच्याची दाढी धरतात. दाढी म्हणजे हनुवटी. दोन्ही हातांची बोटं हलकेच तिथं लावायची आणि बोलायचं. पाय धरल्यावरही जो ऐकत नाही, त्याची दाढी धरतात. माझ्या मायनं मॅडमची दाढी धरली.

“बाई, लेकरू हाय. चुकलं असन तिचं. पोटात घाला. काय नेलं असन ते मी आणून देईन, पण फोटो उतरवा बाई. पोट्टीचं लगन व्हाचं हाय.”

“शी! हात काढ!” मॅडम एवढ्यानं मागे सरकल्या की दार भिंतीवर आपटलं. “तोंडाला हात लावते! माशांचा वास येतोय हाताला. कोण आहे ही?”

“माझी आई,” मी म्हणाले.

मॅडमनी ट्रेमधून कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि हनुवटी पुसली. पुन्हा पुसली. लाल होईपर्यंत पुसली. तो कापूस त्यांनी पिवळ्या बादलीत टाकला. त्या बादलीत आम्ही रक्तापुवाचे बोळे टाकायचो.

माय तिथंच उभी होती. हात तसेच पुढे धरलेले. बोटं उघडी. तिला वाटत होतं, माफी मिळाली नाही.

मला सगळं एकदम कळलं. ज्या बाईनं न विचारता माझी हनुवटी मोजली, दुसऱ्याच्या चिमटीत दिली, भिंतीवर टांगली, तिच्या हनुवटीला माझ्या मायचा हात लागला तर तो कचरा. शाळेतल्या त्या नावातली दुसरी गोष्ट मला त्या कापसानं सांगितली. माझ्या तोंडात काही कमी होतं म्हणून हे लोक असे वागत नव्हते. ते आधीच असे होते. हनुवटी त्यांना फक्त सापडली होती. उद्या ती पुढे आली असती, तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं. आणि माझी माय, जिनं आयुष्यात कोणाच्या शेतातलं वांगंसुद्धा तोडलं नाही, ती त्यांच्यापुढे माझ्या चोरीची माफी मागत उभी होती.

“तिला सांग काय आहे ते,” मॅडम म्हणाल्या. “आणि आधी बाहेर ने.”

“मॅडम, फोटो उतरवा.”

“काय?”

“माझा फोटो उतरवा. मी हो म्हटलं नव्हतं.”

“अगं, डोळे झाकलेत. नाव नाही. कोणाला कळणार आहे?”

“माझ्या मायला कळलं.”

त्यांनी पेशंटकडे बघून कसनुसं हसून घेतलं. मग गोड आवाज काढला. “हे बघ, आत्ता तू चिडली आहेस. वर्कशॉप तोंडावर आलंय. फिलर नको तर सरांकडून इम्प्लांट करू. तू म्हणशील ते. लोक रांगा लावतात यासाठी.”

“मला काहीच नाही करायचं. आधी माझ्या मायची माफी मागा.”

“मी? हिची?”

एवढंच म्हणाल्या. त्या ‘हिची’त सगळं होतं.

मी खुर्चीवर चढले आणि फ्रेम उतरवली. खिळ्यासोबत भिंतीचा पोपडा निघाला. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हणाले, येणार नव्हतेच. मायचा डबा घेतला आणि आम्ही निघालो. पुढे कोणी विचारलं तर मी सांगणार नाही की मी वाघिणीसारखी उभी होते. मी थरथरत होते.

बसमध्ये मी मायला सगळं सांगितलं. चोरी नाही, काही नाही. हनुवटी पुढे आणायचं औषध, त्याची ती जाहिरात. फुकट करून देणार होते. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मध्ये जंगल सुरू झालं. मग म्हणाली,

“मंग करून काऊन नाई घेतलं?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“फुकट करून देत होते त करून घेतलं असतं, माय. माह्यावानी काऊन राह्यतं?”

आणि तिनं पदर ओढून तोंडाचा खालचा भाग झाकला. आयुष्यात पहिल्यांदा. आतापर्यंत तिला माहीत नव्हतं. आज काचेच्या त्या चौकटीत तिनं स्वतःला पहिल्यांदा बाजूनं पाहिलं होतं. माझा फोटो नंतर झाला, आधी तो तिचाच होता. मी पदर खाली ओढला. तिनं पुन्हा वर घेतला. बसमध्ये आम्ही दोघी त्या पदराशी भांडत होतो आणि समोरची म्हातारी आमच्याकडे बघत होती. मग मी सोडून दिलं आणि तेव्हा कुठे रडले, मोठ्यानं, लहान पोरीसारखी.

आता ती मासोळ्या विकायला जाते तीही तोंडावर पदर घेऊनच. गिऱ्हाइकं विचारतात, दात दुखतो का? ती हो म्हणते. चुलीपाशी बसलो की अजून म्हणते, त्या बाईला जाऊन भेट, माफी मांग, ठेवून घेईल कामावर, करूनही देईल. मी नाही म्हणते. ती म्हणते, तुला अभिमान आलाय. मी म्हणते, हो, आलाय. आम्ही दोघी यावरून अबोला धरतो. मग जेवायच्या वेळी तीच बोलते.

मला कधी हनुवटी करून घ्यावीशी वाटली, तर मी करून घेईन. त्या दिवशी मला कोणाची परवानगी लागणार नाही आणि कोणाचा धाकही नसेल. पण ते नंतरचं. त्याच्या आधी एक काम आहे.

माझ्या मायनं न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली आणि ती माफी अजून मॅडमच्या दवाखान्यात पडून आहे. ती मला परत पाहिजे. सोमवारी मी चंद्रपूरला जाते आहे. पेशंट बसतात त्या बाकावर सगळ्यांसमोर बसणार आहे आणि मॅडम बाहेर आल्या की सांगणार आहे, माझ्या मायची माफी मागायला आमच्या गावी चला. हाकललं तर मंगळवारी जाईन. पोलिसांना बोलावलं तर त्यांनाही हेच सांगेन, डोळे उघडे ठेवून, नाव-गाव आणि जातीसकट. मायला मी आज सकाळी तेवढंच सांगितलं.

“मी माफी मांगाले नाई चालली, माय. घ्याले चालली.”